रत्नागिरीतून मॉरिशसला गेलेला आणि परळला गेलेला: मनाने कोण गेला?

पडवीकर (धागाकर्ता)

कोकणातून माणसं बाहेर पडली म्हटलं की मुंबईच डोळ्यांसमोर येते. आगबोट, भाऊचा धक्का, लालबागची चाळ, गणपतीला गावी. त्याच रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबई बंदरामार्गे मॉरिशसला गेलेली माणसं आपल्या बोलण्यात फारशी येत नाहीत. आली तर एका वाक्यात: बिचाऱ्यांना इंग्रजांनी फसवून नेलं. म्हणजे परळला गेला तो मनाने गेला आणि मॉरिशसला गेला त्याला नेलं. ही वाटणी मला पटत नाही. का, ते जरा सविस्तर लिहितो. पटलं नाही तर हाणा.

आधी मॉरिशस. बेट १८१० मध्ये फ्रेंचांकडून इंग्रजांकडे आलं. १८२५ मध्ये तिथल्या साखरेवरची इंग्लंडमधली जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी केली आणि बेट भराभर उसाखाली जायला लागलं. ऊस तोडत होते गुलाम, आफ्रिका-मादागास्करहून आणलेले, थोडे भारतातलेही. १ फेब्रुवारी १८३५ ला तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. ब्रिटिश सरकारने साम्राज्यभरच्या गुलाममालकांना मिळून दोन कोटी पौंड भरपाई मंजूर केली. गुलामांच्या हातावर दमडी नाही; उलट आणखी काही वर्षं 'उमेदवार' म्हणून त्याच मालकाकडे राबायचं.

मळेवाले आधीच तयारीला लागले होते. २ नोव्हेंबर १८३४ ला, म्हणजे गुलामगिरी संपायच्या तीन महिने आधी, कलकत्त्याहून 'अ‍ॅटलास' जहाज पोर्ट लुईला लागलं. त्यात छोटा नागपूरकडचे ३६ मजूर होते. सुरुवातीचे करार पाच वर्षांचे, महिना पाच रुपये आणि तांदूळ, डाळ, तूप, मीठ असा शिधा. मजुरांच्या हालांचा बोभाटा झाल्यावर १८३८ मध्ये ही भरती थांबवावी लागली. १८४२ मध्ये पुन्हा सुरू झाली ती कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून. आपली माणसं गेली ती मुख्यतः त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सगळ्या भारतातून मिळून साडेचार लाखांच्या आसपास माणसं त्या एवढ्याशा बेटावर उतरली. १८६१ मध्येच तिथल्या दर तिघांतले जवळजवळ दोघे भारतीय होते.

फसवणूक झाली का? भरपूर झाली. दलालाने अंतर सांगितलं नाही, काम सांगितलं नाही, पगार फुगवून सांगितला. पण सगळी गोष्ट फसवणुकीवर बसत नाही. मळेवाले आपल्या सरदारांना (म्हणजे तिथल्या मुकादमांना) भारतात परत पाठवायचे आणि ते आपल्याच भावकीतून, आपल्याच गावातून माणसं घेऊन जायचे. काही जण परत आले आणि बायकापोरं घेऊन पुन्हा गेले. एकदा फसलेला माणूस दुसऱ्यांदा जहाजात बसतो, तेव्हा त्याला काय वाट्याला येणार ते ठाऊक असतं. गावात काय आहे तेही ठाऊक असतं.

माझ्या मते माणूस घरातून कसा निघाला यावर बघू नये. काम नको झालं तेव्हा त्याला सोडून जाता येत होतं का, एवढंच बघावं. मॉरिशसमध्ये एक दिवस खाडा केला तर दोन दिवसांची मजुरी कापत. मळा सोडून गेला तर तो दिवाणी भांडणाचा विषय नव्हता, फौजदारी गुन्हा होता, पकडून तुरुंगात. करार संपल्यावर फुकट परतीचं जहाज मिळायचं, ते १८५० नंतर लवकरच बंद केलं. आता हे बघा. १८६६ ते ६८ बेटावर मलेरियाची भयंकर साथ आली, हजारो माणसं मेली. आणि ऐन साथीत, १८६७ मध्ये, मजूर कायदा आणखी कडक झाला: करार संपलेल्या जुन्या मजुरानेही फोटो लावलेलं तिकीट जवळ बाळगायचं, दुसऱ्या जिल्ह्यात जायचं तर पोलिसांचा पास, नाहीतर भटक्या म्हणून अटक.

त्याच्या शेजारी मुंबई ठेवा. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग निघाला. पुढच्या चार-सहा महिन्यांत जवळजवळ निम्मी मुंबई गावाला पळाली. गिरण्यांची पंचाईत झाली. जी माणसं मागे राहिली त्यांना थोपवायला रोजच्या रोज रोख पगार द्यायची पाळी आली. मालक तेच, कामगाराची गरिबी तीच, रोग तर जास्तच धास्तीचा. फरक एवढाच की दाभोळची बोट धरली तर मागून पोलीस येत नव्हता.

माझ्यापुरती सक्तीची रेघ तिथे आहे. तुमची कुठे?

नाचणी

वाचतेय. मॉरिशसला कोकणातली माणसं गेली हे माहीत होतं, पण १८४२ ही तारीख आणि मुंबई बंदर हे नव्याने कळलं. आमच्या आईच्या माहेरी 'मोरसला गेला तो गेला' असं एका पूर्वजाबद्दल म्हणतात. आम्ही लहानपणी समजायचो की मोरस म्हणजे कुठलं तरी गुजरातेतलं गाव असणार.

तिरकस

लेख चांगला आहे, पण पडवीकर, तुम्ही गिरणीला फारच सोडून दिलंत.

'सोडून जाता येत होतं' हे कागदावर ठीक आहे. गिरण्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्यात, कधी आणखी उशिरा करायच्या. म्हणजे तुमचे चार-सहा आठवड्यांचे पैसे कायम मालकाकडे अडकलेले. न सांगता निघालात तर ते बुडाले. नोकरी दिली जॉबरने, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाने, त्याला दस्तुरी. मधल्या काळात उधारी किराणावाल्याची, ती फेडायला पठाणाचं व्याज. आणि तुम्ही ज्याला दिवाणी-फौजदारी म्हणताय ना, तर १८५९ चा तेरावा कायदा बघा. आगाऊ पैसे घेऊन काम टाकलं तर कारागिराला-मजुराला मॅजिस्ट्रेट तुरुंगात धाडू शकत होता. तो आधी कुठे लागू झाला? कलकत्ता, मद्रास आणि मुंबई शहरात! रद्द व्हायला १९२५ उजाडलं.

प्लेगचं उदाहरण भारी आहे, पण ते अपवादाचं वर्ष. एरवी १९०५ च्या सुमारास विजेचे दिवे आल्यावर चौदा-पंधरा तास मशीनवर उभा राहणारा माणूस 'मुक्त' होता असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आठवड्याची सुट्टीसुद्धा नारायण मेघाजी लोखंड्यांनी सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा १८९० मध्ये मिळाली.

पडवीकर

@तिरकस, १८५९ चा कायदा हा चांगला मुद्दा आहे. पण तो उचल घेतलेल्याला लागू व्हायचा. आसामच्या चहामळ्यांनी तो पुरेपूर वापरला. गिरणीत उलटा प्रकार होता: मालकाने आगाऊ दिलेलं काही नाही, कामगाराचंच येणं मालकाकडे. त्यामुळे तुरुंगाची धमकी चालत नव्हती, पगार बुडवायची चालत होती. दोन्ही वाईट, पण दुसरीत माणूस हिशोब करू शकतो. सहा आठवड्यांचा पगार गेला तर गेला, आई आजारी आहे, मी चाललो. मॉरिशसच्या मळ्यावरच्याला हा हिशोबच करता येत नव्हता.

गिरणी स्वर्ग होती असं मी कुठेही म्हटलेलं नाही.

गिरणीचा भोंगा

थोडं आतलं लिहितो, कारण आमची तीन माणसं (आजोबांचे वडील, आजोबा, काका) याच वाटेने गेली.

गावातल्या माणसांनी मिळून लालबागेत एक खोली घ्यायची, तिला गाळा म्हणायचे. भाडं वाटून. एका खोलीत तीस-चाळीस माणसं, पण एका वेळी कधीच नाहीत, कारण पाळ्या. दिवसपाळीवाला उठला की त्याच्या जागेवर रातपाळीवाल्याची वळकटी पडायची. भिंतीच्या कडेने लोखंडी ट्रंका, वर दोरीवर कपडे, कोपऱ्यात गावदेवीची तसबीर. जेवण खानावळवालीकडे, पैसे पगाराला. नवा पोरगा गावाहून आला की त्याच्यासाठी जॉबरकडे शब्द टाकायचं काम गाळ्यातल्या जाणत्याचं. वारला कोणी तर मर्तिकाचा खर्च मंडळाचा. संप झाला की सगळे बोटीने गावी, भात लावायला नाहीतर कापायला, आणि मिटला की परत. तो मधला काळ मालकाला जड जायचा, आम्हाला नाही, कारण घरात भात होता.

म्हणून पडवीकरांचा मुद्दा मला पटतो, पण एक भर घालून. सोडून जाता येतं हे कायद्यामुळे नव्हे, मागे गावात तुकडाभर जमीन आणि ती कसणारी बाई असते म्हणून येतं. दोन्ही गेलं की माणूस मुंबईतच मॉरिशसवासी. १९८२ च्या संपात ज्यांच्याकडे गावचं काही उरलं नव्हतं त्यांचं काय झालं ते आम्ही बघितलं आहे.

दर्यावर्दी

भोंगा, ट्रंकांचं वर्णन वाचून घर आठवलं. +१

सातबारा

इथपर्यंत सगळ्यांनी 'गाव' हा शब्द आजोळासारखा वापरला आहे. म्हणून लिहिणं भाग आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकात जमीन कोणाची होती? खोताची, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराची. कुळ अर्धेलीने कसायचं, म्हणजे भाताचं निम्मं पीक खोताच्या खळ्यात. वर वेठ: खोताची नांगरणी, खोताची लाकडं, खोताच्या घरचं लग्न. १८८० मध्ये खोती कायदा आला तरी खोत राहिलाच. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करायचं विधेयक मांडलं. प्रत्यक्षात खोती गेली स्वातंत्र्यानंतर.

तर कुणबी आणि महार माणसाला गावात राहणं हीच सक्ती होती. त्याने फौजेत नाव घातलं, मुंबईची गोदी धरली, मॉरिशसचं जहाज धरलं, त्यात पळवून नेल्याचा भाग किती आणि पळून गेल्याचा किती? मळ्यावरचा सरदार जात विचारत नसे असं मी म्हणणार नाही, पण तिथे खोत नव्हता. पाच वर्षं सोसली की पुढे कधीतरी जमिनीचा तुकडा घेता येण्याची शक्यता होती, आणि १८८० नंतर मळेवाल्यांनी कडेच्या जमिनी तुकडे पाडून विकल्या तेव्हा बऱ्याच जुन्या मजुरांनी त्या घेतल्याही. त्या काळात रत्नागिरीत महाराने जमीन विकत घेतली असती तर काय झालं असतं, याचा विचार करून बघा.

आणि मुंबई म्हणाल, तर गिरणीतही गाव आलाच. कापडखात्यात पगार चांगला. पण तिथे धोट्यात (मागावर आडवा धागा नेतो तो) नवी कांडी घातली की सुताचं टोक तोंडाने ओढून घ्यायला लागायचं. मग विटाळाचं कारण पुढे करून अस्पृश्यांना त्या खात्यात येऊच देत नसत. ते राहिले कमी पगाराच्या खात्यांत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. 'मुक्त मजुरी'चे गोडवे गाताना हा धोटा डोळ्यांसमोर असू द्या.

पॉपकॉर्नवाला

धागा शंभरी गाठणार. बसतो इथेच.

तिरकस

सातबारांशी शंभर टक्के सहमत. पडवीकरांच्या कसोटीत 'काम सोडता येतं का' आहे, त्यात 'गाव सोडता येतं का' हेही घाला.

मोहरी

एवढ्या चर्चेत बायका एकदाच आल्या, त्याही भात कसायला. :)

मळेवाल्यांना बायका नको होत्या, पुरुष हवे होते. पुरुषांची एवढी गर्दी आणि बायका नाहीत, यातून होणाऱ्या भानगडींची ओरड झाल्यावर सरकारने प्रमाण ठरवायला सुरुवात केली. पुढे वसाहतींसाठी शंभर पुरुषांमागे चाळीस बायका असा आकडा आला. मग दलालांची धावपळ: कुठून आणायच्या चाळीस? विधवा, टाकलेल्या, नवऱ्याचा मार चुकवून निघालेल्या, तीर्थाच्या ठिकाणी चुकामूक झालेल्या. यातल्या काही अक्षरशः पळवलेल्या होत्या. पण एकोणिसाव्या शतकातल्या केशवपन केलेल्या किंवा दिराच्या घरात राबणाऱ्या बाईला जहाज हा बाहेर पडायचा रस्ता दिसला असेल, हेही मला अशक्य वाटत नाही. करारावर तिचं स्वतःचं नाव, तिचा स्वतःचा नंबर, तिची स्वतःची (पुरुषापेक्षा कमी) मजुरी. घरी यातलं काय होतं?

आणि मुंबईकडच्या बाजूला उलटं. १९२१ मध्ये मुंबईत हजार पुरुषांमागे जेमतेम सव्वापाचशे बायका होत्या. उरलेल्या कुठे होत्या? गावात: लावणी, कापणी, सासू, पोरं, आणि महिन्याच्या मनिऑर्डरीची वाट. भोंगा म्हणतात ते बरोबर आहे, संप लढवला गेला तो गावातल्या भातावर. गिरणीमालक पगार कमी देऊ शकत होता कारण कामगाराच्या कुटुंबाचं पोट गावातली बाई भरत होती. तिचा पगार कोणत्याच मस्टरवर नाही. ती मनाने राहिली की तिला ठेवलं? या प्रश्नाला कुठली कसोटी लावायची ते पडवीकरांनी सांगावं.

पडवीकर

@मोहरी, माझ्या कसोटीने तिला ठेवलं असंच म्हणावं लागेल. खोलीत जागा नाही, पगार एका माणसापुरता, आणि जमीन सोडली तर कूळ म्हणून हक्क जाण्याची भीती. तिला निघता येत नव्हतं.

@सातबारा, खोतीचा मुद्दा मूळ लेखात एका वाक्यात ('गावात काय आहे तेही ठाऊक असतं') संपवला होता, तुम्ही तो नीट मांडलात. फक्त जमिनीच्या तुकड्याबद्दल: तिथे पोचेपर्यंत बहुतेकांची एक पिढी गेली होती. ज्यांनी १८८० नंतर घेतली ते पुष्कळदा मुलगे-नातू होते.

अ‍ॅडमिरल ऑफ मुळा

आयर्लंडचंही घ्या की. १८४५ पासून बटाट्यावर रोग, दहा लाखांच्या आसपास मेले, तेवढेच किंवा जास्त जहाजात बसून अमेरिका-कॅनडाला गेले. कुणी करार केला नव्हता, कुणी बेड्या घातल्या नव्हत्या. जमीनदाराने घराचं छप्पर उतरवलं, झालं. याला ऐच्छिक स्थलांतर म्हणतात पुस्तकांत.

तिरकस

मुळेत आरमार? असो. पण उदाहरण नेमकं आहे.

दर्यावर्दी

कामानिमित्त मॉरिशसला माझं जाणं-येणं असतं, म्हणून तिकडचं लिहितो.

पोर्ट लुईला बंदराच्या कडेला आप्रवासी घाट आहे. २००६ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. १८४९ मध्ये बांधलेला मजूर उतरवण्याचा तळ, त्यातला थोडाच भाग आज उभा आहे. दगडी सोळा पायऱ्या. चढून वर आलं की नोंदणी, दोन-तीन दिवस मुक्काम, मग मळेवाला येऊन माणसं घेऊन जायचा. तिथे फिरताना माझं लक्ष खेचलं ते कोरीव काम वगैरे कशाने नाही, शौचकुपांच्या रांगेने. हजारो माणसांची ये-जा सांभाळणारी सरकारी यंत्रणा कशी असते ते त्या रांगेवरून कळतं. कॉलऱ्याची भीती एवढी होती की १८५६ मध्ये कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांतल्या मजुरांना बेटाबाहेर गाब्रिएल नावाच्या खडकाळ बेटावर ठेवलं, आणि तिथे अडीचशेच्या वर माणसं मेली.

मराठी वस्ती पश्चिमेला जास्त, कास्कावेल आणि आजूबाजूला. गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सुट्टी असते. मिरवणूक नदीकडे नाहीतर समुद्राकडे जाते. घरात बोलतात क्रिओल (तिथली फ्रेंचवर बेतलेली बोली), आरती म्हणतात मराठी. आणि जाखडी! तिकडे 'झाकरी' म्हणतात. गोल धरून, पायांचा तोच ठेका. आपल्याकडे गणपतीत बाल्या नाचतो तोच. दीडशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसांनी शास्त्री-पुराणिक नेले नाहीत, नाच नेला.

आडनावांची गंमत: कारकुनाने माणसाचं जे नाव लिहून घेतलं तेच पुढे खानदानाचं आडनाव झालं. त्यामुळे सखाराम, रघू, रामजी ही तिथे आडनावं आहेत. कदम, शिंदे शोधत गेलात तर हात हलवत परत याल.

सातबारा

जाखडी कोण नेतो? कुणबी नेतो. गेलेले कोण होते ते यावरूनही कळतं.

उसाचं पाचट

मी बीडचा. तुमचा कोकण आणि मॉरिशस वाचला आणि हसू आलं, रडू नाही.

दसऱ्याच्या आसपास मुकादम येतो. नवराबायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. कोयत्यावर उचल मिळते, लाखाच्या घरात, ती लग्नात, दवाखान्यात, जुन्या उचलीत जाते. मग पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्यावर. खाडा झाला तर कापायचे पैसे ठरलेले, आणि ते मिळणाऱ्या रोजापेक्षा जास्त असतात. पडवीकर, तुमचा 'एक दिवस खाडा, दोन दिवसांची मजुरी' आमच्याकडे अजून आहे. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही तर ती पुढच्या वर्षावर. मधेच पळालात तर मुकादम घरी येतो. आमच्या गावच्या एकाला अशाच न फिटलेल्या उचलीपायी कारखान्यावर अडकवून ठेवला होता.

आणि हो, आम्ही मनानेच जातो. अंगठा देऊन.

पडवीकर

@उसाचं पाचट, विषयाला धरूनच आहे, अवांतर समजू नका. ऊस, मुकादम, उचल, खाड्याची कापणी. मॉरिशसच्या मळेवाल्याला यातलं काहीही समजावून सांगावं लागलं नसतं. वेगळा धागा काढाल का यावर? हंगामाचा हिशोब तपशिलात लिहिलात तर फार बरं होईल.

तिरकस

आता मला एक सांगा, त्या काळात आपल्याकडच्या शहाण्या लोकांना यातलं काही दिसत होतं की नाही? की सगळी ओरड लंडनमध्येच? तिथे वसाहतमंत्री लॉर्ड जॉन रसेलने १८४० मध्येच लिहून ठेवलं होतं की यातून गुलामगिरीची नवी पद्धत उभी राहील. आणि दोन वर्षांत मॉरिशसची भरती सुरू, ही गोष्ट वेगळी.

पडवीकर

दिसत होतं, उशिरा. आणि ज्याने ते सगळ्यात स्वच्छ मांडलं तो जन्माने रत्नागिरी जिल्ह्यातलाच, गुहागरजवळच्या कोतळूकचा: गोपाळ कृष्ण गोखले.

१९१० मध्ये त्यांनी नाताळला (दक्षिण आफ्रिकेतल्या इंग्रज वसाहतीला) करारी मजूर पाठवणं बंद करा असा ठराव कायदे कौन्सिलात आणला, तो मंजूर झाला. ४ मार्च १९१२ ला पुढे जाऊन ही पद्धतच सगळीकडे बंद करा असा ठराव आणला. कौन्सिलातल्या सगळ्या २२ बिनसरकारी हिंदी सभासदांनी बाजूने मत दिलं आणि सरकारी बहुमताने ठराव पडला. त्या भाषणात त्यांनी ही पद्धत कपटावर उभी आणि बळावर टिकवलेली आहे असं म्हटलं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांनी लावलेलं कलम-कलम: माणूस कुठे जातो ते त्याला माहीत नाही, मालक त्याने निवडलेला नाही, आणि काम सोडलं तर तुरुंग आहे हे त्याला अंगठा घेताना कोणी सांगितलेलं नाही. म्हणजे सहीला किंमत कधी, तर शिक्षेचं कलम वाचून दाखवल्यावर. वकील नसलेल्या माणसाने काढलेला वकिली मुद्दा आहे.

१९१६ मध्ये मदनमोहन मालवीयांनी पुन्हा ठराव आणला, तेव्हा व्हाइसरॉय हार्डिंगने तत्त्वतः मान्य केला. १९१७ मध्ये युद्धाच्या निमित्ताने भरती थांबली ती कायमची. गोखले १९१५ मध्येच गेले होते.

सातबारा

गोखल्यांचं मान्य, आदर आहे. फक्त नोंद म्हणून: नाताळच्या उसाच्या मळ्यावरच्या वेठीवर रान उठवणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांपैकी किती जणांनी कोकणातल्या वेठीवर तेव्हा तोंड उघडलं?

तिरकस

आता हा धागा खरोखर शंभरी गाठणार.

मोहरी

सातबारा, प्रश्न रास्त आहे.

अजून एक बाजू राहिली. मॉरिशसमधल्या मुक्त झालेल्या गुलामांचं काय? त्यांनी मळ्यावर परत जायला नकार दिला, किंवा चांगली मजुरी मागितली. दोन्हींत त्यांचं म्हणणं चाललं असतं, जर जहाजांतून दरवर्षी हजारो नवी माणसं पाच रुपयांवर उतरली नसती. आपली माणसं तिथे दुसऱ्या कुणाची तरी ताकद मोडायला नेली गेली होती. त्यांना ते ठाऊक असायचं कारण नाही. पण क्रिओल लोकांच्या, म्हणजे त्या गुलामांच्या वंशजांच्या, आठवणीत ते आहे, आणि तिथल्या राजकारणात अजून अधूनमधून वर येतं.

दर्यावर्दी

येतं. टॅक्सीवाल्याशी पाच मिनिटं बोललात तरी येतं.

नाचणी

एक व्यावहारिक प्रश्न. आमच्या त्या 'मोरसला गेलेल्या' पूर्वजाचा शोध लागू शकतो का? घरात फक्त त्याचं आणि त्याच्या वडिलांचं नाव माहीत आहे, आणि गाव संगमेश्वरजवळचं.

दर्यावर्दी

लागू शकतो, पण चिकाटी हवी. मजुरांच्या नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. प्रत्येक मजुराला नंबर होता. नंबर माहीत असेल तर काम सोपं. नसेल तर नाव, वडिलांचं नाव, अंदाजे वर्ष. नोंदीत वय, उंची, अंगावरच्या खुणा, जात, जिल्हा-गाव, जहाज, कुठल्या मळ्यावर पाठवला हे रकाने असतात. १८६० च्या दशकानंतरचे बऱ्याच जणांचे फोटोही आहेत. तिथले वंशज रीतसर अर्ज करून उतारा काढतात. इथून शोधणाऱ्याने आधी पत्र लिहून विचारावं.

दोन सूचना. नावं आणि गावं कारकुनाने कानाला लागली तशी लिहिली आहेत, त्यामुळे संगमेश्वर पाच-सहा तऱ्हांनी शोधायची तयारी ठेवा, आणि गाव सापडलं नाही तर जिल्ह्यावरून सुरुवात करा. दुसरं, भरती पुष्कळदा मुंबईतच व्हायची, गावाहून कामासाठी आलेला माणूस दलालाला बंदरावरच सापडायचा. त्यामुळे 'राहणार मुंबई' असं दिसलं तर लगेच सोडून देऊ नका, आधी वडिलांचं नाव जुळतंय का ते बघा. माझी पुढची खेप दिवाळीनंतर आहे. नाव-गाव निरोपात पाठवून ठेवा, कार्यालयात विचारून बघतो.